मोतीबिंदूची पट्टी आणि रात्रपाळीची सिस्टर
चिकोडी भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेचा एक धागा

आमच्या चिकोडी-निपाणी भागात जुनी माणसं "मिरजेला नेलं" एवढंच म्हणत. काय झालं, कुठल्या डॉक्टरकडे नेलं, हे विचारायची गरज नसे. मिरजेला नेलं म्हणजे दुखणं मोठं आहे, आणि अजून आशा आहे.

माझ्या आज्जीलाही मिरजेला नेलं होतं. साल १९५४ किंवा ५५. तेव्हा चिकोडी तालुका मुंबई राज्यात होता. आज्जी साठीची, दोन्ही डोळ्यांत मोती उतरलेला. सोबत म्हणून माझी आत्या गेली, तेव्हा तिचं वय सोळा-सतरा. आत्यानं ही गोष्ट मला अनेकदा सांगितली आणि दर वेळी शेवट एकच असे : "डॉक्टर एकदाच दिसला रे, पण सिस्टर रोज यायची."

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. आयुष्यभर साखर कारखान्यात यंत्रं सांभाळली, इतिहासाचा नाद नंतर लागला. त्यामुळे आत्याच्या वाक्याला पुरावा म्हणावा की नुसती आठवण, यावर बरंच डोकं खाजवलं. आपल्या इस्पितळांचा इतिहास लिहिताना आपण इमारतीची तारीख, देणगीदार आणि नामांकित सर्जन एवढंच लिहितो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तो इतिहास अर्धाच राहतो. इस्पितळातून तो घरी कसा परतला, हे पुष्कळदा ऑपरेशनपेक्षा ऑपरेशननंतरच्या चार-आठ दिवसांवर, त्यातही रात्रींवर ठरलेलं असतं. त्या रात्रींचा इतिहास म्हणजे शुश्रूषेचा इतिहास. तो जमेल तितका मांडायचा हा प्रयत्न आहे.

मिरजेचा रस्ता

विल्यम जेम्स वॉनलेस हे मूळचे कॅनडातले, ओंटारिओ प्रांतातले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून ते १८८९ साली भारतात आले. आधी सांगली, मग मिरज. मिरजेचं इस्पितळ १८९४ साली उभं राहिलं. त्याच सुमाराला सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज पुणे-बेळगाव मार्गावर मिरजेवरून धावू लागली होती, हा योग महत्त्वाचा. कुडची, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा ही आपल्या भागातली स्टेशनं याच मार्गावर येतात. ज्याला बैलगाडीत बसून पन्नास-साठ किलोमीटर जाणं झेपत नव्हतं, त्याला स्टेशनपर्यंत नेलं की पुढचं काम आगगाडी करी. म्हाताऱ्या माणसाला इस्पितळ जवळ आणलं ते आधी रेल्वेनं, हे इंजिनिअर म्हणून मला नमूद करावंसं वाटतं.

वॉनलेस यांचं नाव झालं ते शस्त्रक्रियांमुळे आणि त्यातही मोतीबिंदूमुळे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आणि त्यांचा स्नेह होता. कोल्हापुरातलं मेरी वॉनलेस हॉस्पिटल त्यांच्या पहिल्या पत्नीच्या नावाचं आहे. १९२८ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी ते भारतातून परतले. हे सगळं मिरजेतल्या कुणालाही विचारलं तरी सांगेल. त्यामानानं कमी सांगितली जाणारी तारीख आहे १८९७. इस्पितळ सुरू झाल्यावर तीनच वर्षांत तिथं नर्सेसचं प्रशिक्षण सुरू झालं. सर्जनचा हात कितीही हलका असो, ऑपरेशननंतर सांभाळणारी शिकलेली माणसं नसतील तर उपयोग नाही, हे तिथं लवकर उमगलं होतं.

पट्टीखालचा अंधार

मोतीबिंदू हा मुख्यतः उतारवयाचा आजार. आपल्या भागात त्यावर पूर्वापार फिरते वैद्य इलाज करत. सुईनं मोती आत ढकलायचा, 'मोती पाडायचा'. लगेच थोडं दिसू लागे, वैद्य पुढच्या गावाला जाई, आणि पुष्कळांचा डोळा नंतर पिकून जाई. इस्पितळातली पद्धत वेगळी होती. बुबुळाच्या कडेला छेद घेऊन मोती बाहेर काढायचा. यात धोका छेदाचा असे. आजच्यासारखे बारीक टाके आणि सूक्ष्मदर्शक तेव्हा नव्हते. जखम आपली आपण मिळून यायची. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर बोल्ट न लावता दोन फ्लँज नुसते एकमेकांवर टेकवून ठेवायचे आणि आतला दाब वाढू द्यायचा नाही. पेशंट खोकला, शिंकला, कुंथला, झटकन उठून बसला, तरी जखम उघडून डोळा जाण्याची भीती असे.

म्हणून नियम कडक असत. कित्येक दिवस उताणं पडून राहायचं. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. एकाच डोळ्याचं ऑपरेशन असलं तरी पट्टी पुष्कळदा दोन्ही डोळ्यांना, कारण एक डोळा फिरला की दुसराही फिरतो. जेवण, पाणी, लघवी, सगळं पडल्या पडल्या. साठ-सत्तरीचं माणूस, आयुष्यात पहिल्यांदा गावाबाहेर झोपलेलं, डोळ्यांपुढं दिवसरात्र अंधार, भोवती अनोळखी आवाज.

अशा वेळी दुसऱ्या-तिसऱ्या रात्री काही म्हातारी माणसं बरळू लागत. आपण घरी आहोत असं वाटे, बैल सुटल्याचा भास होई, कुणी मारायला आलंय म्हणून पट्टी ओढून काढत. आपल्याकडे याला वात झाला म्हणत, सन्निपात म्हणत, भ्रम झाला म्हणत. डोळ्यांच्या डॉक्टरांना हा प्रकार जगभर ठाऊक होता. १९५८ साली वाइजमन आणि हॅकेट या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 'ब्लॅक पॅच डेलिरियम' या नावाखाली त्यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हे वेड नव्हे. माणसाचा जगाशी असलेला धागा तुटल्यामुळे हे होतं, आणि विश्वासाचं कुणीतरी जवळ येऊन बोलत राहिलं तर ते टाळता येतं, आवरताही येतं.

आता आत्याची गोष्ट ऐका. ती सांगायची की संध्याकाळी सिस्टर आज्जीच्या उशाशी यायची आणि सांगायची : "आज्जी, आता दिवे लागले. ही तुमची मुलगी इथंच बसलीय. आज तिसरा दिवस, अजून इतके राहिले." मग आज्जीचा हात आत्याच्या हातात द्यायची. सकाळी पुन्हा : "उजाडलं बघा." आत्याला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. ती म्हणायची, "सिस्टर फार मायाळू होती." मी हे वर्षानुवर्षं मायेच्या खात्यात जमा केलं होतं. अलीकडं वाटायला लागलं की ही माया होतीच, पण कामही होतं. शिकवलेलं असेल, नाहीतर हजार म्हातारी माणसं सांभाळून अनुभवानं आलेलं असेल, पण ते कसब होतं. एका बाईच्या आठवणीवरून अख्ख्या इस्पितळाची पद्धत सिद्ध होत नाही, हे मान्य. पण कुठं शोधायचं, हे ती आठवण नक्की दाखवते.

हे काम कोण करणार?

नर्सिंग हे आपल्या समाजात सहजासहजी मान मिळालेलं काम नाही. परक्या माणसाला हात लावायचा, त्याचं मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं. सोवळ्याओवळ्याच्या आणि जातीच्या हिशेबात हे बसत नव्हतं. म्हणून सुरुवातीच्या काळात मिशनच्या इस्पितळांतल्या बहुतेक नर्सेस ख्रिस्ती स्त्रिया होत्या. पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झालं आणि रमाबाई रानडे यांनी ससून हॉस्पिटलमध्ये हिंदू स्त्रियांना नर्सिंगचं शिक्षण मिळावं यासाठी खटपट केली, तेव्हा त्यांच्यावरही टीका झाली. त्यात विधवा स्त्रिया होत्या. घरात ज्यांचं दर्शन अशुभ मानलं जाई, त्या इस्पितळात परक्यांचे प्राण राखू लागल्या.

या इतिहासाचा एक परिणाम आजही जाणवतो. बाळंतपणाचं नर्सिंग, ऑपरेशन थिएटरचं नर्सिंग यांना निदान 'विशेष ज्ञान' मानलं गेलं. म्हाताऱ्याची कूस बदलणं, त्याला भरवणं, दोन पावलं चालवणं याला मात्र ज्ञान म्हणायला आपण तयार नव्हतो. ते सुनेचं काम, मुलीचं काम, नाहीतर 'मावशी'चं काम. इस्पितळांनीही ते नातेवाइकांवर सोडून दिलं. आपल्याकडे पेशंटसोबत एक-दोघं जण राहणारच, व्हरांड्यात चूल मांडणारच, हे गृहीत होतं. ही सोय होती, तशी ती ताकदही होती. आज्जीजवळ सिस्टर दोनदा आली, पण आत्या चोवीस तास होती. शिकलेली सिस्टर आणि ओळखीचा हात, दोन्ही मिळून ते काम पार पडलं. तरीही ही जोडी नियम म्हणून कुणी लिहून ठेवली नाही. जी गोष्ट आपोआप होते ती कुणी लिहीत नाही, आणि जी लिहिलेली नाही ती बंद पडली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

आकड्यांत मावलेलं आणि न मावलेलं

पुढं डोळ्यांचं ऑपरेशन गावापर्यंत आलं. आपल्या शेजारच्या जुन्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीचे डॉ. मुरुगेप्पा मोदी यांनी फिरती नेत्रशिबिरं भरवून हे काम लाखांच्या घरात नेलं. १९६८ साली तिरुपतीला त्यांनी एका दिवसात ८३३ मोतीबिंदूंची ऑपरेशनं केली, तो विक्रम म्हणून नोंदला गेला. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शाळेच्या खोल्यांत ओळीनं पडलेली, हिरव्या पट्ट्या बांधलेली आज्जी-आजोबा आणि नंतर जाड भिंगांचे चष्मे, हे चित्र माझ्या पिढीनं पाहिलेलं आहे.

मोदींबद्दल मला नितांत आदर आहे. पण ८३३ हा आकडा नोंदला गेला आणि त्या रात्री त्या ८३३ माणसांजवळ कोण बसलं होतं, ते कुठंच नोंदलेलं नाही. कुणीतरी बसलं असणारच. इतिहासाच्या दप्तरात त्याला रकाना नाही.

पुढं तंत्र सुधारलं. बारीक टाके आले, डोळ्यात बसवायचं भिंग आलं, छेद लहान झाला. आज मोतीबिंदूचा पेशंट दुपारी घरी येतो. पट्टी गेली, वाळूच्या पिशव्या गेल्या आणि पट्टीखालचा भ्रमही बहुतेक गेला. मग हा इतिहास आता संपला का? मलाही तसंच वाटत होतं, २०११ सालापर्यंत.

वडिलांचे अकरा दिवस

२०११ च्या पावसाळ्यात माझे वडील अंगणात घसरून पडले. वय ७९. खुब्याचं हाड मोडलं. निपाणीच्या तंबाखू वखारीत चाळीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली. जवळच्या शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. ऑपरेशन उत्तम झालं, यात शंका नाही. एक्स-रे मी स्वतः पाहिला, सांधा अगदी मापात बसला होता.

ऑपरेशननंतर त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं. नातेवाइकांना सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. दागिने, मौल्यवान वस्तू घरी न्या म्हणाले, म्हणून आम्ही चष्मा आणि कानाचं यंत्रही पिशवीत घालून घरी आणलं. दातांची कवळीही आणली. खिडकी नाही, दिवा रात्रभर चालू. तिसऱ्या रात्री ते "वखार उघडा, गाडी आलीय" म्हणून ओरडायला लागले, सलाईन उपसलं. सकाळी मी गेलो तेव्हा दोन्ही हात बँडेजनं पलंगाला बांधलेले होते. मला बघून त्यांनी विचारलं, "मालक, माझा काय गुन्हा?" मुलाला त्यांनी मालक म्हटलं.

अकराव्या दिवशी घरी आणलं. माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम होती. तिनं घरात तीन महिने घेतले. भ्रम उतरला, पण ते पुन्हा चालले नाहीत. खुबा दुरुस्त झाला आणि माणूस अंथरुणाला खिळला. मी त्या इस्पितळाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तिथल्या रात्रपाळीच्या मुली धावपळ करून दमलेल्या असत, हे मी पाहिलंय. पण यंत्रांच्या धंद्यातला माणूस म्हणून एक प्रश्न मला सोडेना : सगळे भाग ठीक असताना यंत्र का बंद पडलं?

पुढं आत्या भेटायला आली. तिनं विचारलं, "त्याचा चष्मा कुठं होता?" आणि तिथून मी हा विषय वाचायला लागलो.

बाहेरच्या जगात हे कसं शिकले

इंग्लंडमध्ये १९३५ साली मार्जोरी वॉरेन या डॉक्टरबाईंच्या ताब्यात वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाशेजारच्या जुन्या गरीबखान्यातले ७१४ पेशंट आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं पलंगावर, 'यांचं आता काय होणार' म्हणून सोडून दिलेले. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासलं, आजारांप्रमाणे वेगळं केलं, भिंती उजळ रंगवल्या, धरायला कठडे लावले, उठवलं, चालवलं. त्यातले कितीतरी जण चक्क घरी गेले. ती माणसं निव्वळ म्हातारपणानं पलंगाला खिळलेली नव्हती, पलंगानंच त्यांना खिळवलं होतं. वृद्धांच्या वैद्यकाची खरी सुरुवात इथून मानतात.

दुसरं नाव एका नर्सचं, डोरीन नॉर्टन. म्हाताऱ्या पेशंटच्या शुश्रूषेचा नर्सनं केलेला सविस्तर अभ्यास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केला. अंथरुणाच्या जखमेवर तेव्हा नाना लेप, मलमं, स्पिरिटं चोळत. नॉर्टनबाईंनी दाखवलं की खरा उपाय ठरावीक वेळेनं कूस बदलणं हा आहे. आणि कुणाला जखम होणार हे आधीच ओळखायला पाच मुद्द्यांचं गुणपत्रक केलं : शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणं, हालचाल, लघवी-शौचावरचा ताबा. प्रत्येकी जास्तीत जास्त ४, एकूण २०. बेरीज १४ किंवा कमी आली की सावध व्हायचं. इतकं सोपं. माझ्या वडिलांचं मी नंतर घरी बसून मोजलं, १४ च्या बरंच खाली आलं.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली. येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनाऊये यांनी १९९३ पासून इस्पितळातल्या वृद्धांसाठी एक कार्यक्रम बसवला. त्यात नवं औषध एकही नाही. रोज वार-तारीख सांगायची, फळ्यावर सिस्टरचं नाव लिहायचं, गप्पा मारायच्या. चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्यायचं. पाणी पाजायचं. दिवसातून तीनदा उठवून चालवायचं. रात्री झोपेची गोळी देण्याआधी कोमट दूध द्यायचं, पाठ चोळायची, आवाज कमी करायचे. यातलं बरंच काम शिकवून तयार केलेले स्वयंसेवक करतात. ७० वर्षांवरच्या ८५२ पेशंटांवर पडताळा घेऊन त्याचा निष्कर्ष १९९९ साली आला. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के पेशंटांना भ्रम झाला, या पद्धतीत ९.९ टक्क्यांना. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून नर्सेसनाच वृद्धांच्या शुश्रूषेत पारंगत करून प्रत्येक वॉर्डात अशी एक जाणती नर्स ठेवण्याची चळवळ चालू आहे, आणि ती शेकडो इस्पितळांत पोचली आहे.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मी आज्जीचं मिरजेचं वर्णन वाचतोय. "दिवे लागले", "आज तिसरा दिवस", "ही तुमची मुलगी." फरक एवढाच की त्यांनी ते लिहून काढलं, मोजलं, आणि ते कुणाच्या मायेवर अवलंबून ठेवलं नाही.

आपल्याकडचा कागद आणि आपला हिशेब

आपल्याकडे कागद नाही असं नाही. १९९९ साली ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय धोरण आलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी इस्पितळांत वृद्धांसाठी खाटा आणि वेगळ्या रांगा यांची तरतूद आहे. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा वॉर्ड, समुदाय आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोनदा आणि प्राथमिक केंद्रात एकदा वृद्धांचा दवाखाना असं चित्र आहे. प्रादेशिक केंद्रांच्या पहिल्या यादीत मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज होतं. नर्सिंग कौन्सिलनं वृद्ध-शुश्रूषेचा पदविका अभ्यासक्रमही आखलेला आहे.

त्या दहा खाटांच्या वॉर्डाला कागदावर सहा नर्सेस आहेत. सवयीनं गणित करून पाहिलं. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. एक नर्स आठवड्याला सहा पाळ्या करते, म्हणजे चोवीस तास एक जागा भरायला साडेतीन नर्सेस लागतात. सहा नर्सेस म्हणजे एका वेळी वॉर्डात पावणेदोन नर्सेस, तेही कुणी रजेवर नसेल तर. दहातले पाच पेशंट स्वतः कूस बदलू शकत नसतील आणि दर दोन तासांनी ती बदलायची असेल, तर दिवसाला ६० वेळा. दोघींनी मिळून पाच मिनिटं धरली तरी रोज दहा माणूस-तास. उपलब्ध आहेत जेमतेम एक्केचाळीस. म्हणजे चौथा हिस्सा निव्वळ कूस बदलण्यात गेला. औषधं, इंजेक्शनं, रजिस्टर अजून बाकीच. हे सरकारी मंजूर चित्र झालं. वृद्धांचा वेगळा वॉर्डच नसलेल्या इस्पितळाचा हिशेब वाचकांनी आपापला करावा.

कारखान्यात बेअरिंगला वेळच्या वेळी ग्रीस घालणाऱ्या माणसाचं नाव कुठल्या अहवालात येत नाही, बेअरिंग जळालं की मात्र चौकशी बसते. शुश्रूषेचं तसंच आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं संरक्षण मिळालं. २०२३ साली महाराष्ट्रानं आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावरून दोन राज्यांत वादही झाला. योजना चांगल्याच आहेत, पण त्यांचं पॅकेज ऑपरेशनच्या नावानं ठरतं. रात्रीत किती वेळा कूस बदलली, चष्मा लावला का, उठवून बसवलं का, याला कुठल्याही राज्याच्या पॅकेजात ओळ नाही.

भाषा हेही औषध

आपल्या भागापुरता एक मुद्दा मला विशेष वाटतो. १ नोव्हेंबर १९५६ ला सीमारेषा इकडची तिकडं झाली, पण पेशंट दुखणं बघून बेळगाव, कोल्हापूर, मिरज असा जातच राहिला. चिकोडी तालुक्यातली म्हातारी माणसं बाजारात दोन्ही भाषा बोलतात. पण भ्रमात गेलेलं माणूस एकाच भाषेत बोलतं, लहानपणीच्या. माझ्या वडिलांच्या वॉर्डात एक कन्नड आज्जी "नीरु, नीरु" म्हणत होत्या. त्या रात्रीच्या सिस्टरला ना कन्नड येत होतं ना त्यांचं म्हणणं कळत होतं. ती मुलगी केरळची, घरापासून त्या आज्जींइतकीच लांब आलेली. शेवटी समोरच्या पलंगावरच्या निपाणीच्या मराठी गृहस्थांनी सांगितलं, "पाणी मागतायत." वार-तारीख सांगणं, धीर देणं हे औषध असेल, तर ते पेशंटच्या भाषेतच द्यावं लागेल. सीमाभागातल्या इस्पितळानं पलंगाच्या पाटीवर रक्तगटासोबत 'बोलीभाषा' हा शब्द लिहिला, तर खर्च खडूचा.

घरंही बदलली. माझ्या आज्जीला सोबत करायला आत्या होती. आज गल्लीतली निम्मी मुलं पुण्याला, बंगळूरला. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, कर्नाटकात ९.५ आणि महाराष्ट्रात ९.९. हे प्रमाण वाढतंच आहे. चोवीस तास बसणारी आत्या गृहीत धरून उभी राहिलेली व्यवस्था आत्याशिवाय कशी चालणार, हा प्रश्न आता आमच्याच पिढीच्या पलंगाशी येऊन ठेपलाय.

वाचकांना विनंती

आमच्या मंडळाकडे संस्थानी मोडी कागद आहेत, वखारींच्या चोपड्या आहेत. शुश्रूषेचा एकही कागद नाही. तुमच्या घरी कुणी मिरज, बेळगाव, कोल्हापूर, घटप्रभा इथं नर्स म्हणून काम केलं असेल, तर त्यांच्या प्रशिक्षणाच्या वह्या, रात्रपाळीच्या नोंदी, फोटो जपून ठेवा आणि आम्हाला बघायला द्या. नेत्रशिबिरांत स्वयंसेवक म्हणून राबलेली माणसं अजून आहेत, त्यांना विचारा : रात्री कोण बसायचं? पाणी कोण पाजायचं? कुणी बरळायला लागलं तर काय करायचे? मिरजेच्या इस्पितळात सोबत म्हणून राहिलेल्या आत्या, मावश्या, काक्या आता ऐंशीच्या पुढं आहेत. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही. माझी आत्या २०१९ साली गेली आणि त्या सिस्टरचं नाव काय होतं, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

आणि एक साधी गोष्ट. घरातलं म्हातारं माणूस इस्पितळात दाखल कराल तेव्हा दागिने खुशाल घरी आणा. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी मात्र, डॉक्टरांना विचारून, त्यांच्यापाशी ठेवायला सांगा. संध्याकाळी आत सोडलं, तर जाऊन एवढंच सांगा : दिवे लागले, मी इथंच आहे.